तासभर पळाली की ऑटोमॅटिक स्लिप मारते, थांबून निघालं की सरळ: जुन्या स्पोर्ट्स कारचा उन्हाळी आजार

तक्रार बहुतेकांची सारखीच असते. सकाळी धुळ्यातून निघताना गाडी झक्क चालते. फागणे गेलं, पारोळं गेलं, काही नाही. एरंडोल यायच्या सुमारास ऊन वर आलेलं असतं आणि स्पीड तेवढाच असताना इंजिनाचा आवाज चढायला लागतो. ट्रकला ओव्हरटेक करायला पाय दाबावा तर इंजिन नुसतं ओरडतं, गाडी पुढे सरकत नाही. मग ढाब्यावर अर्धा तास थांबायचं, शेवभाजी खायची आणि परत बसायचं. आता गाडी पुन्हा शहाणी झालेली असते. जळगावात फिटरला दाखवली तर त्याला गल्लीत चक्कर मारून काहीच सापडत नाही, कारण दोन किलोमीटरच्या चकरेत हा आजार बाहेर येतच नाही. आणि काही सापडलं नाही की ठरलेलं उत्तर मिळतं: "भाऊ, बॉक्स उतारना पडी. गयरा खर्चा शे."

बॉक्स, म्हणजे गिअरबॉक्स, उतरवू नका. निदान एवढ्यावरून तरी नाही. गार असताना नीट चालणारा आणि तापल्यावरच घसरणारा ऑटोमॅटिक बॉक्स दहातल्या बऱ्याच वेळा आतून धडधाकट असतो. त्याचं तेल तापतंय, आणि ते का तापतंय याचं उत्तर बॉक्सच्या बाहेर, गाडीच्या नाकाशी असतं. एकदा बॉक्स उघडला की आपल्या भागात तो पुन्हा पूर्वीसारखा बसवणारा हात मिळणं अवघड, पार्ट परदेशातून येणार, आणि सहा महिन्यांनी गाडी जागेवर आली तरी मे महिन्यात तक्रार तीच, कारण मूळ दुखणं तसंच राहिलेलं.

उदाहरणाला मी मर्सिडीज ४५० एसएल घेतो, म्हणजे १९७१ ते १९८९ या काळात निघालेल्या आर १०७ मालिकेतली साडेचार लिटर व्ही-८ वाली. जॅग्वारची व्ही-१२ ई-टाइप किंवा एक्सजे-एस असली तरी तपासाचा क्रम हाच. त्यांचेही त्या काळातले ऑटोमॅटिक बॉक्स तीनच गिअरचे.

आधी दोन काटे वाचायला शिका

"गाडी ओढत नाही" या एका वाक्यात दोन पूर्ण वेगळे आजार लपतात, आणि ते वेगळे करायला एक रुपया खर्च नाही. आरपीएमचा काटा (इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवणारा) आणि स्पीडचा काटा एकत्र बघा. आरपीएम वर चढतंय आणि स्पीड तिथेच आहे किंवा पडतोय, तर ताकद इंजिन आणि चाकाच्या मध्ये कुठेतरी हरवतेय: बॉक्सकडे बघा. दोन्ही काटे सोबत खाली येत असतील तर बॉक्सला दोष देऊ नका, इंजिनाला पेट्रोल किंवा ठिणगी कमी पडतेय. आपल्याकडे ही दोन्ही दुखणी ४५ अंशांत एकाच वेळी डोकं वर काढतात, म्हणून गोंधळ होतो.

आता आरपीएम "जास्त" आहे हे ठरवायचं कशावरून? इथे आजच्या गाड्यांची सवय घात करते. सहा-आठ गिअरची आजची ऑटोमॅटिक शंभरला दीड-दोन हजारावर निवांत पळते. ४५० एसएलचा टॉप गिअर १:१ आहे, इंजिनाचे फेरे कमी करणारा ओव्हरड्राइव्ह नाही, आणि इंजिन व बॉक्सला तेलाने जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरला घसरण थांबवणारं लॉक-अपही नाही. हिशेब करून बघा. २०५/७० आर १४ टायर एका फेऱ्यात साधारण १.९६ मीटर जातो. ताशी १०० म्हणजे मिनिटाला १६६७ मीटर, म्हणजे चाकाचे ८५० फेरे. मागच्या डिफरन्शियलचा रेशो ३.०७, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला बॉक्सकडून येणारा शाफ्ट ३.०७ फेरे घेतो. गुणाकार २६०० च्या वर जातो, आणि कन्व्हर्टर सपाट रस्त्यावरही थोडा घसरतोच, तेव्हा प्रत्यक्षात काटा २७०० च्या आसपास दिसेल. हे आरोग्याचं लक्षण आहे. ८० ला साधारण २१५०, ११० ला तीन हजाराच्या जरा अलीकडे. तुमच्या गाडीचा टायर किंवा रेशो वेगळा असेल तर हाच गुणाकार तुमच्या आकड्यांनी करा आणि सकाळी गार हवेत, सपाट रस्त्यावर पडताळून घ्या. स्पीडसाठी मोबाइलचं जीपीएस वापरा. पन्नास वर्षांच्या स्पीडोमीटरवर कोणी विश्वास ठेवत असेल तर तो फार भला माणूस आहे.

हे सकाळचे आकडे कागदावर लिहून सनव्हायझरला खोचून ठेवा. पुढे दुपारी ८० ला २१५० च्या जागी २५००-२६०० दिसायला लागले, पायाखालचा दाब तेवढाच, रस्ता सपाट, तर स्लिप आहे. नुसत्या कानाने ठरवायला जाल तर सॉफ्ट टॉप खाली केलेल्या गाडीत वाऱ्याच्या आवाजात फसाल.

आणखी एक शंका काढून टाका: "टॉप पडतच नाही." तिसरा गिअर लागलाय का हे बघायचं असेल तर मोकळ्या रस्त्यावर ७० ला लिव्हर डी वरून एस वर घ्या. एस मध्ये बॉक्स दुसऱ्याच्या वर जात नाही आणि दुसऱ्याचा रेशो १.४६ आहे. म्हणजे साधारण अठरा-एकोणीसशेचा काटा उडी मारून सत्तावीसशेच्या जवळ गेला पाहिजे. गेला, तर टॉप लागलेला होता. जागचा हलला नाही, तर तुम्ही एवढा वेळ दुसऱ्यातच पळत होतात, आणि मग तपास वेगळ्या दिशेला जातो. त्याकडे पुढे येतो.

तेल तापतं कसं

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची बाजू आणि बॉक्सची बाजू यांना जोडणारं फक्त तेल असतं. दोन्हींच्या वेगात जो फरक पडतो, त्याची उष्णता होते. सपाट रस्त्यावर ठरावीक वेगात हा फरक थोडा असतो. लळिंग घाट, कोंडाईबारी, चाळीसगावचा कन्नड घाट किंवा शिरपूरकडून सेंधव्याला जाताना बिजासन, अशा चढावर डी मध्ये टॉपमध्येच रेटत राहिलात की फरक वाढतो आणि तेल मिनिटामिनिटाला चढत जातं. हे तेल दोन नळ्यांतून पुढे रेडिएटरच्या टाकीतल्या छोट्या कूलरमधून फिरून परत येतं. कूलरभोवती वारा नसतो, रेडिएटरचं पाणी असतं. म्हणजे पाण्यापेक्षा तेल गार होऊ शकत नाही. पाणी स्वतःच शंभरीला टेकलं असेल तर तेलाने गार व्हायचं कुठे?

इथून साखळी सुरू होते. तापलेलं तेल पातळ होतं, जुन्या सीलमधून जास्त गळतं, आतला दाब कमी पडतो, दाब कमी म्हणून गिअर धरून ठेवणाऱ्या क्लचपट्ट्या पूर्ण आवळत नाहीत, त्या घसरतात आणि घसरण्याने आणखी उष्णता. ढाब्यावर थांबलात की साखळी तुटते. म्हणूनच परत निघताना गाडी शहाणी. फिटर लोकांत एक ठोकताळा आहे: नेहमीच्या तापमानाच्या वर दर दहा अंशाला तेलाचं आयुष्य निम्मं. काटेकोर कायदा नव्हे तो, पण दिशा बरोबर आहे.

तापमान अंदाजाने सांगू नका, मोजा. इन्फ्रारेड थर्मामीटर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. करोनात घरोघरी आलेली कपाळावर धरायची बंदूक इथे चालत नाही, ती माणसाच्या तापापुरतीच वाचते. गाडी थांबल्या-थांबल्या, इंजिन चालू ठेवून, बॉक्सच्या खालच्या पॅनवर नेम धरा. ८० ते ९५ असेल तर निश्चिंत. ११० ला लक्ष द्या. १२० च्या पुढे असेल तर त्या दिवशी पुढचा प्रवास संध्याकाळी.

कापूस

बाहेरच्या पुस्तकांत ही गोष्ट सापडणार नाही, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा दोषी हीच निघते.

दिवाळीनंतर ते थेट फेब्रुवारीपर्यंत आपले रस्ते कापसाचे असतात. धरणगाव, एरंडोल, पारोळा, चोपडा, शिरपूर, कुठेही जा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दाबून भरलेला कापूस जिनिंगकडे चाललेला असतो आणि मागे रुई उडत असते. रस्त्याकडेच्या बाभळी पांढऱ्या होतात. तीच रुई समोरच्या जाळीतून आत शिरते. एसीचा कंडेन्सर पुढे, रेडिएटर त्याच्या मागे, मधे जेमतेम बोटभर फट. कंडेन्सरच्या फिन्समधून रुईचे तंतू आरपार निघतात आणि रेडिएटरच्या पुढच्या अंगावर जाऊन बसतात. त्यावर धूळ, त्यावर इंजिनाच्या आसपासचं तेलकट बाष्प, पुन्हा रुई. हिवाळ्यात काही जाणवत नाही, हवाच गार असते. मार्च संपतो आणि बिल समोर येतं.

घोटाळा असा की समोरून पाहिलं तर सगळं स्वच्छ दिसतं. कंडेन्सर चकचकीत, कारण ज्याने गाडी धुतली त्याने तोच धुतलेला असतो. घाण त्याच्या मागे. बघायची रीत साधी: रात्री बोनेट उघडा, एकाने इंजिनाच्या बाजूने रेडिएटरला टॉर्च चिकटवून हळूहळू फिरवायचा, दुसऱ्याने समोरून बसून बघायचं. उजेड सगळीकडे सारखा झिरपला पाहिजे. जिथे काळा पट्टा दिसेल तिथून वाराही जात नाही.

पट्टा दिसला तर रेडिएटर वरच्या पकडीतून सोडवून मागे कलता करा, किंवा सरळ बाहेर काढा. या गाड्यांत ते काम अर्ध्या दिवसाचं आहे. नखाने एका कोपऱ्यातून उचकलं तर ती घाण घट्ट थापलेल्या नमद्यासारखी सलग निघून येते. राखाडी, वजनाला हलकी, आतल्या अंगाला फिन्सची रेघ न् रेघ उमटलेली, मधेच सरकीचं टरफल, चतुराचा एखादा पंख. हातावर धरून तिच्यातून फुंकर मारून बघा, पलीकडे पोचत नाही. या पदराआड रेडिएटर उभा असतो आणि आपण ऑटोमॅटिक बॉक्सला शिव्या देत असतो.

साफ करताना हवा इंजिनाच्या बाजूने पुढे मारायची, ज्या वाटेने कचरा आला त्याच्या उलट. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर पुरतो, पण नळी वीतभर लांब आणि सरळ धरा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप लावू देऊ नका; तो फिन्स आडव्या झोपवतो आणि मग वाट कायमची बंद होते. वाकलेल्या फिन्स पातळ सुरीच्या बोथट बाजूने एकेक उभ्या करता येतात. रविवार जातो, पण चालतं.

काही जण जाळीमागे मच्छरदाणीचं कापड ताणतात. माझ्या मते नको. रुई अडते हे खरं, पण वाराही अडतो, आणि कापूसट्रॉलीमागे वीस किलोमीटर गेलात की कापडच बुजतं. लावायचीच तर मोठ्या भोकांची तारेची जाळी, हाताने काढता येईल अशी, आणि प्रत्येक थांब्यावर झटकायची. आळस असेल तर लावू नका.

रेडिएटर आतून, आणि पंखा

बाहेरून साफ असूनही तापत असेल तर आत बघा. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. वर्षानुवर्षं कोणीतरी ढाब्यावरच्या टाकीतून डबाभर ओतलेलं असतं आणि त्याचे क्षार नळ्यांत बसलेले असतात. गरम इंजिनावर थर्मामीटर रेडिएटरच्या अंगावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. तापमान एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे हळूहळू उतरायला हवं. मधेच एखादा पट्टा एकदम गार लागला तर तिथल्या नळ्यांतून पाणी फिरत नाही.

रेडिएटर तांब्या-पितळेचा असेल तर रेडिएटरवाला टाकी उघडून रॉड मारून नळ्या मोकळ्या करून देईल. ॲल्युमिनियमच्या कोअरला प्लास्टिकच्या टाक्या असतील तर तो उद्योग करू नका, कोअरच बदलावा लागतो. दोन्ही वेळी त्याला एक गोष्ट बजावून सांगा: टाकीतला तेलाचा कूलर वेगळा प्रेशर देऊन तपास, आणि त्या बाजूने कॉस्टिक जाऊ देऊ नकोस. तो कूलर आतून फुटला तर पाणी आणि ऑटोमॅटिकचं तेल एकत्र होतं. डीपस्टिकवर (तेल मोजायच्या पट्टीवर) लाल तेलाऐवजी फिकट गुलाबी, दुधट काही दिसलं तर गाडी तिथेच बंद करा. क्लचपट्ट्यांचं अस्तर पाण्याने सुटतं.

भरताना कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. पेट्रोल पंपावर मिळणारं बॅटरीचं पाणी चालतं. आणि झाकण नवं घ्या. १ बारचं झाकण दाब धरत असेल तर पाणी उकळायचा बिंदू साधारण वीस अंश वर जातो. सैल झाकणाने तेवढे वीस अंश फुकट जातात, आणि गाडीतला सगळ्यात स्वस्त पार्ट तोच आहे.

पंख्याला समोर व्हिस्कस क्लच असतो, तापल्यावर पंख्याला घट्ट धरणारा, आत सिलिकॉन तेल. इंजिन पूर्ण तापलेलं असताना बंद करा, किल्ली काढा, मग हाताने पंखा फिरवून बघा. जड, चिकट फिरला तर ठीक. मोकळा भिरभिरत राहिला तर क्लच गेला. हायवेवर नव्वदला याची फार गरज पडत नाही, समोरचा वारा पुरतो. पण सावदा-रावेरच्या बाजूला केळीच्या ट्रकमागे एसी लावून वीसच्या स्पीडने रांगत असाल तेव्हा हाच पंखा गाडी वाचवतो. म्हणून तक्रार नक्की कुठे येते ते आठवा. मोकळ्या रस्त्यावर तापते आणि गावात गार होते: रेडिएटर बुजलाय. गावात तापते आणि मोकळ्यावर गार होते: पंखा. हा एक फरक बरेच पैसे वाचवतो.

तेल बघायची पद्धत

इंजिन बंद करून ऑटोमॅटिकचं तेल मोजणारे फिटर अजून आहेत. या मर्सिडीजमध्ये गाडी सपाटीवर, लिव्हर पी मध्ये, इंजिन चालू, तेल ८० अंशांच्या आसपास गरम, तेव्हा पातळी खालच्या-वरच्या खुणेमध्ये हवी. गार असताना ती खुणेच्या बरीच खाली दिसते आणि ते बरोबर आहे. तेच पाहून कोणीतरी अर्धा लिटर वर ओततो आणि मग खरी पंचाईत होते. तेल जास्त झालं की फिरणारे भाग त्यात बुडतात, फेस होतो, फेसाला दाब धरता येत नाही, आणि गाडी तासाभराने स्लिप मारते. कमी तेलाचं लक्षण आणि जास्त तेलाचं लक्षण एकच! म्हणून आधी मोजा, मग ठरवा. मोजायच्या आधी लिव्हर एकदा सगळ्या जागांवरून सावकाश फिरवून परत पी मध्ये आणा.

डीपस्टिक पुसायला गॅरेजमधला कापसाचा बोळा हातात घेऊ देऊ नका. त्यातला एक धागा आत गेला तर तेलाला वाट दाखवणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीतल्या एखाद्या बारीक व्हॉल्व्हला अडकायला पुरेसा असतो. सुटे धागे न निघणारं फडकं किंवा शामॉइस गाडीतच ठेवा. या प्रकरणात कापसाला दोन्ही दारांनी बंदी.

रंग आणि वास बघा. लाल किंवा तपकिरीकडे झुकलेलं चालेल. काळं आणि जळका वास म्हणजे पट्ट्या जळताहेत. बदलायचंच असेल तर डेक्सरॉन प्रकारचं, हँडबुकात लिहिलेल्या दर्जाचं. नव्वद नंबरचं गिअर ऑइल कदापि नाही. फक्त पॅन उघडला तर निम्मं जुनं तेल कन्व्हर्टरमध्येच राहतं. या बॉक्सच्या कन्व्हर्टरला वेगळा ड्रेन बोल्ट आहे; इंजिन हाताने फिरवत तो खालच्या खिडकीसमोर आणायचा. फिटरला हे ठाऊक आहे का ते आधी विचारा. उत्तर देताना तो चाचरला तर पाना तुम्हीच हातात घ्या.

उष्णतेशी संबंध नसलेले दोन-तीन चोर

मघाशी राहिलेला मुद्दा: टॉप लागतच नसेल, किंवा गिअर फार उशिरा, झटका देऊन पडत असतील, आणि हे सकाळी गार असतानाही होत असेल, तर रेडिएटर सोडा आणि व्हॅक्यूम मॉड्युलेटरकडे या. इंजिनावर किती भार आहे हे बॉक्सला या डबीतून, व्हॅक्यूमच्या नळीमार्फत कळतं. नळीच्या टोकाची रबरं आपल्या उन्हात वाळून चिरतात. बॉक्सला वाटतं पाय पूर्ण दाबलाय, म्हणून तो गिअर धरून ठेवतो. नळी काढून बघा. आत लाल तेल लागलं तर डबीतला पडदा फाटलाय. ते तेल इंजिन ओढून घेतं, सायलेन्सरमधून पांढरट धूर जातो आणि बॉक्समधलं तेल कुठे गळतंय ते कोणालाच सापडत नाही. डबी बाहेरून बदलता येते, बॉक्स उतरवायची गरज नाही.

पाय पूर्ण दाबला की गिअर खाली पाडणारं किकडाउनचं बटण ॲक्सिलरेटरच्या पेडलखाली आहे. त्यावर जाड काथ्याची चटई टाकली की पेडल तळाला टेकत नाही आणि ओव्हरटेकला गाडी मरगळते. चटई काढून बघायला दहा सेकंद लागतात.

आणि पेट्रोल. ढाब्यावरून निघताना इंजिन अडखळतं, दोन्ही काटे एकत्र पडतात, ते हे. थांबल्यावर बोनेटखालची उष्णता साचते आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. इथेनॉल ७८ अंशांनाच उकळतं, आणि त्या काळची रबरं त्याच्यासाठी बनलेली नव्हती. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या. बोनेटखाली पेट्रोलचा वास आला तर बाकी सगळा तपास बाजूला ठेवून आधी तेवढं करा. व्ही-८ च्या गरम मॅनिफोल्डवर पेट्रोल ठिबकणं ही चेष्टा नाही.

सगळं ठीक करूनही मे महिन्यात

गाडी बनवणाऱ्यांच्या डोळ्यासमोर भुसावळचा मे नव्हता. सगळं नीट असलं तरी ४५ अंशांत १२० ने दोन तास रेटायचा हट्ट धरू नका. ८५ ते ९५ या पट्ट्यात ही गाडी सुखात असते, आणि व्ही-८ चा आवाजही तिथेच ऐकण्यासारखा आहे. पहाटे निघा. धुळे-जळगाव नव्वदेक किलोमीटर, ऊन डोक्यावर यायच्या आत आटपतं.

घाट लागला की पायथ्यालाच लिव्हर एस वर. साठला काटा तेवीसशेच्या आसपास राहील, आवाज वाढेल, त्याला घाबरू नका. कन्व्हर्टर कमी घसरतो, पाण्याचा पंप आणि पंखा जोरात फिरतात, सगळ्यांचंच भलं. एसी चढापुरता बंद. उतरतानाही एसच, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवतं. ट्रकवाल्यांसारखं न्यूट्रल करून कन्नड घाट उतरायची आयडिया डोक्यात आणू नका; ब्रेक तापतात आणि गाडी हातातून जाते.

थांबल्यावर लगेच किल्ली फिरवू नका. पी मध्ये दोन मिनिटं इंजिन चालू राहू द्या, तेल कूलरमधून फिरून येऊ द्या, मग बंद करून बोनेट उघडा. बघायला गर्दी होईल, फोटो निघतील, "किती देते?" हा प्रश्न येईलच. तेवढ्यात गाडी गार होते.

जे वारंवार सुरतेकडे किंवा इंदूरकडे जातात त्यांनी बाहेरचा तेलाचा कूलर बसवून घ्यावा. जोडणी अशी: बॉक्समधून निघालेलं तेल आधी रेडिएटरच्या टाकीतल्या कूलरला, तिथून बाहेरच्या कूलरला, मग परत बॉक्समध्ये. उलट जोडलं तर बाहेर गार झालेलं तेल पुन्हा गरम पाण्यात शिरतं. नळ्या ऑटोमॅटिकच्या तेलासाठीच्या, क्लिपा दुहेरी, एक्झॉस्टपासून लांब. कूलर कंडेन्सरच्या पुढे बसतो, म्हणजे रुई सगळ्यात आधी त्याच्यावर, आणि ते बरंच: डोळ्यासमोर राहते, निघताना हाताने काढता येते.

हे सगळं करून झालं, आकडे कागदावर आहेत, पॅन ९० ला आहे, पातळी बरोबर आहे आणि तरी गाडी गार असतानाच घसरते, तेल काळं आहे, पॅनच्या तळाशी अस्तराचा काळा चुरा किंवा धातूची चमक सापडते, तर मात्र बॉक्स आतून गेलाय. मग चालवत नेऊ नका. ट्रॅक्टरला दोर बांधून ओढतही नेऊ नका, कितीही जवळचं गाव असलं आणि कितीही प्रेमाने ट्रॅक्टर पुढे आला तरी. इंजिन बंद असताना बॉक्समधला तेलाचा मुख्य पंप फिरत नाही, मागची चाकं मात्र आतले भाग कोरडे फिरवत राहतात. फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पाठीवर घेणारा ट्रक, मागवा. तो मिळेपर्यंत गाडी रस्त्यातून बाजूला घ्यायचीच असेल तर लिव्हर एन मध्ये ठेवून माणसांनी ढकला. दूर न्यायचीच वेळ आली आणि फ्लॅटबेड नसेल, तर बॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट मागच्या बाजूने सोडवून तारेने नीट वर बांधा, मगच चाकांवर ओढा. आणि ज्याच्याकडे बॉक्स द्याल त्याच्या हातात सोबत तो कागदही द्या: कुठल्या स्पीडला किती आरपीएम, पॅनचं तापमान किती, पातळी कुठे, मॉड्युलेटरच्या नळीत तेल होतं की नाही.